डाव्या झाकणामागचा आवाज

जिजाजी, परवा दुपारी आम्ही तुमची गाडी उघडली. मी आणि तुमच्या लेकीने, मुक्ताने. तुम्हाला न विचारता तुमच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायची माझी ही पहिलीच वेळ, आणि पेटीची कडी काढताना मी उगाचच मागे वळून पाहिलं. अंगणातली तुमची खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत टाकल्या होत्या. सुतकाच्या घरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला, निजायला इतक्या चादरी लागतात हे मला माहीत नव्हतं.

लोक येतात, पाणी पितात आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. वीज कंपनीतले तुमचे जुने सोबती म्हणाले, साहेब फार शांत होते, कधी कुणाशी वाद नाही. मी मान हलवली. एका साध्या साखळीवरून तुमच्याशी अर्धं आयुष्य भांडलेला माणूस त्यांच्या शेजारीच बसला होता, हे त्यांना कसं सांगणार. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने हसू लपवलं. तेवढं एकच हसू या घरात त्या दिवशी उमटलं असेल.

मला तुमच्याशी जे बोलायचं आहे ते त्या लोकांसमोर बोलता येत नाही. म्हणून लिहितो आहे. झोप तशीही येत नाही.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि तुमच्यापेक्षा तुमच्या गाडीकडेच माझं जास्त लक्ष होतं. लोखंडी इंजिनाची ती साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. लालबाग राजवाड्याजवळच्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा राहायला आलो त्या सकाळी तुम्ही लांब पेचकस घेऊन गाडीशेजारी बसला होता. पेचकसाचं टोक इंजिनाच्या डाव्या झाकणावर टेकवलेलं, मूठ कानाच्या मागच्या हाडावर दाबलेली, डोळे मिटलेले. मला वाटलं तुमचं डोकं दुखतंय.

"ये, ऐक," तुम्ही म्हणालात. "कानात नको घालू. मागे, हाडावर ठेव. आता सांग, आत काय चाललंय?"

मला सगळाच गोंधळ ऐकू आला. तुम्ही मला समजावलंत की इंजिनाची ताकद आधी या झाकणाआडच्या साखळीवरून क्लचकडे जाते, मग गिअरबॉक्सकडे, मग चाकाकडे. ही पहिली साखळी, मिस्त्रींच्या भाषेत प्राइमरी, तेलात बुडून फिरते, दिसत कधीच नाही. म्हणून ती बोलते तेव्हा ऐकावं लागतं. साखळी सैल झाली की होणाऱ्या खळखळीला तुम्ही चिवडा म्हणायचा, डबा हलवल्यासारखा म्हणून. क्लचच्या प्लेटा वाजल्या की ताटल्या. ताटल्यांची खूण अशी की क्लच दाबला की आवाज बंद. हे शब्द आपल्या दोघांचेच होते. बाहेरच्या मिस्त्रीसमोर मी एकदा "चिवडा वाजतोय" म्हणालो तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला आणि तुम्ही दुकानाबाहेर जाऊन हसलात.

मग तो नियम. झाकण उघडायच्या आधी दोघांनी आपापलं निदान बोलून दाखवायचं. मनात ठेवायचं नाही. उघडल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणायची सोय कुणालाच नाही. हरेल त्याने कोपऱ्यावरून कचोऱ्या आणायच्या.

"बोला सालेसाब, काय वाजतंय?"

"चिवडा."

"तुला दर वेळी चिवडाच ऐकू येतो. घरून खाऊन नाही आलास का?"

"मग तुम्हीच सांगा."

"अरे थांब ना भिया, आधी सुनू तर दे."

बहुतेक वेळा मीच कचोऱ्या आणल्या. पण मी जिंकायचो तेव्हा तुम्ही ते मान्य करायची जी पद्धत काढली होती, ती मला जास्त आवडायची. तुम्ही झाकणाआडून वर न बघता फक्त खिशात हात घालायचा आणि पाकीट माझ्याकडे द्यायचा.

मला हे सगळं आठवून सुख होत नाही. थकवा येतो. माणूस गेल्यावर आठवणी आधार देतात म्हणतात. मला तर प्रत्येक आठवणीच्या शेवटी तो रविवार दिसतो.

दोन-तीन वर्षांपासून तुम्हाला कमी ऐकू यायला लागलं होतं. ताई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि तुम्ही पेपर वाचत राहायचा. टीव्ही इतका मोठा लागायचा की शेजारचे येऊन बातम्यांवर चर्चा करायचे. मशीन लावा म्हटलं तर तुम्ही म्हणायचा, "आता कानात मशीन घालून मशीन ऐकू?" आणि विषय संपायचा. गाडीजवळ तुम्ही पूर्वीसारखेच बसायचा, पेचकस हाडाला लावून, डोळे मिटून. मला वाईट वाटायचं. मला वाटायचं, तुम्ही आता सवयीने बसता, ऐकू काही येत नसणार. मग मी हळूच तुमचं निदान काय येतंय त्याचा अंदाज घेऊन हो ला हो करायला लागलो. दोनदा मी मुद्दाम हरलो. तुम्ही त्या कचोऱ्या खाल्ल्यात, पण चवीने नाही, हे मला आज कळतंय.

आणि मग हिवाळ्यातला तो रविवार. गाडी स्लोवर असताना डाव्या बाजूने नवीन आवाज येत होता. खर्र, थांबून खर्र, धातूला धातू अगदी ओझरता लागावा तसा. तुम्ही बराच वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "मॅग्नेट. त्याचा नट ढिला झालाय." मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला, त्याच झाकणाआड बसलेला तो जड गोळा, ज्याच्या फिरण्याने वीज तयार होते. त्याचा नट खरोखर ढिला असेल तर प्रकरण साधं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. चालत्या गाडीत तो सुटला तर सगळं जाम होऊन मागचं चाक जागेवर थांबू शकतं.

मी म्हणालो, चेन आहे. चिवडाच आहे, फक्त थंडीमुळे वेगळा वाजतोय.

हे मी का म्हणालो ते सांगतो. चेन खालच्या स्क्रूने, झाकण न काढता ताणता येते. चहा होईपर्यंत काम होतं. मॅग्नेट बघायचा तर तेल काढा, डावा फुटरेस्ट काढा, ब्रेकचं पायडल काढा, झाकण काढा, आणि परत बसवताना ती रबराची रिंग नीट बसली नाही तर आठवडाभर अंगणात तेलाचे डाग. म्हणजे पूर्ण दिवस. आणि माझ्याकडे दिवस नव्हता. विजय नगरच्या फ्लॅटमध्ये आई अंथरुणाला खिळलेली होती, रात्रीतून कितीतरी वेळा हाका मारत होती, मला ओळखतही नव्हती. बायको आणि मी आळीपाळीने जागत होतो. मला फक्त घरी जाऊन तासभर आडवं व्हायचं होतं. मी खरं ऐकलं होतं, जिजाजी. तो चिवडा नव्हता. मला ते ऐकताक्षणी कळलं होतं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग खाली वाकून चेन ताणलीत. गाडी सुरू केली. "बघ, काय म्हणते," म्हणून पेचकस माझ्या हातात दिलात. मी तो हाडाला लावला. खर्र तिथेच होतं, जसंच्या तसं. उलट चेन ताणल्यामुळे बाकीचं शांत झालं होतं आणि ते जास्तच साफ ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "गेला, जिजाजी. एकदम साफ."

तुम्ही पेचकस घेतलात, स्वतःच्या कानामागे धरलात. बराच वेळ ऐकलंत. मग तो फडक्याने पुसून पेटीत ठेवलात आणि म्हणालात, "बरं. मग ठीक आहे. तू निघ, आई वाट बघत असेल."

मी निघालो. रस्ताभर मला कसलंही वाईट वाटलं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. उलट मनात म्हणत होतो, चला, त्यांना समाधान, मला सुटका. मी तुमच्यावर उपकार केल्यासारखा गाडी चालवत होतो.

त्यानंतर मी रविवारी येणं बंद केलं. आईचं कारण होतं आणि ते खरं होतं, त्यामुळे ते वापरायला सोपं होतं. तुम्हीच आमच्याकडे यायला लागलात. दुपारी यायचा, आईच्या उशाशी बसायचा, मला म्हणायचा, "जा, झोप. मी आहे." आई तुम्हाला तिचा भाऊ समजून गावाकडच्या गोष्टी सांगायची आणि तुम्ही, ज्यांना निम्मं ऐकू येत नव्हतं, तुम्ही नेमक्या जागी हुंकार द्यायचा. मी आतल्या खोलीत मेल्यासारखा झोपायचो. त्या दुपारी मला मिळाल्या नसत्या तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही.

तुम्ही सिटी बसने यायचा. मी एकदा विचारलं, गाडी का नाही आणली? "थंडी आहे रे," तुम्ही म्हणालात. तोपर्यंत थंडी सरत आली होती. भर दुपारच्या उन्हात तुम्ही स्वेटर काढून हातात घेऊन आला होता. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं मला.

दवाखान्यात तुमचं हृदय दमलंय असं डॉक्टर म्हणाले त्या संध्याकाळी तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. मी तुमच्या तोंडाशी कान नेला.

"गाडी कशी आहे?"

"मस्त," मी म्हणालो. "आजच स्टार्ट करून पाहिली. एक किक में."

मी तिच्याजवळही गेलो नव्हतो. तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मला वाटलं होतं तुम्ही हसाल. तुम्ही म्हणालात, "झोप घेत जा जरा." आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तुम्ही बोललात ते ताईशी आणि मुक्ताशी, आणि ते त्यांचं आहे.

मुक्ताने अग्नी दिला. तिने कुणाला विचारलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. तुमची लेक तुमच्यासारखीच आहे, भांडणाच्या आधी गप्प बसते. अस्थी घेऊन खेडीघाटाला नर्मदेवर जायचं ठरलं, तेव्हाही ती सगळ्यांचं ऐकून घेत होती. कुठली गाडी सांगायची, गुरुजींना कुठून घ्यायचं. मग म्हणाली, "आई आणि मामा कारमध्ये. मी बाबांची गाडी घेऊन मागे येते."

ताई म्हणाली, "एवढा घाट, ट्रक असतात."

"दर वर्षी त्यांच्या मागे बसून गेलीये ना मी? रस्ता माहितीये मला." मग ती माझ्याकडे वळली. "मामा, बाबा म्हणाले होते, गाडी बाहेर काढायच्या आधी मामाला विचार. म्हणून विचारतेय. ठीक आहे ना गाडी?"

दोनदा जे बोललो होतो ते तिसऱ्यांदा अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं, कारण ते आधीच म्हटलेलं होतं. मग मला भेरूघाटाचा उतार दिसला. वळणावर वर येणारा ट्रक, आणि मुक्ताच्या खाली जागेवर थांबलेलं मागचं चाक. 

"ठीक नाही," मी म्हणालो. "तो आवाज गेलेलाच नाही. मी गेला म्हणालो तेव्हाही गेला नव्हता."

ताईला काय चाललंय ते कळलं नाही. मुक्ताला कळलं. ती म्हणाली, "हं. बाबांना माहिती होतं."

"त्यांना कसं माहिती असेल? त्यांना ऐकूच येत नव्हतं बेटा."

मग तिने मला सांगितलं. त्या रविवारच्या आधीच ती तुम्हाला गोड बोलून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरने तो वाजणारा चिमटा कानासमोर धरला तर तुम्हाला काही ऐकू येईना. तोच त्याने कानामागच्या हाडावर टेकवला तर तुम्ही म्हणालात, येतोय, चांगला मोठा येतोय. डॉक्टर म्हणाला, आतला कान शाबूत आहे, हवेतून आलेला आवाज आत पोचवणारी बारीक हाडं जाम झाली आहेत. त्यावर तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, "यानी इंजिन ठीक है डॉक्टरसाब, प्राइमरी खराब है." डॉक्टरला काही समजलं नाही. मुक्ता सांगताना हसली आणि हसता हसता रडायला लागली.

म्हणजे माणसांचं बोलणं तुम्हाला अर्धवट ऐकू येत होतं, आणि गाडीचं, हाडावर टेकवलेल्या पेचकसातून, पूर्ण. कदाचित माझ्यापेक्षा चांगलं. जगातली ती एकच जागा उरली होती जिथे तुमचा कान पूर्वीसारखा होता, आणि तिथेच मी तुम्हाला बहिरं समजून खोटं बोललो. मुद्दाम हरलो तेव्हाही तुम्हाला कळलं होतं. कचोऱ्या बेचव का लागल्या ते कळलं मला.

"मग ते बोलले का नाहीत?" मी विचारलं.

"मी पण तेच विचारलं. मी तर म्हटलं, मी बोलते मामाशी. तर रागावले माझ्यावर. म्हणाले, तो थकलाय. आजीचं चाललंय, झोप नाही त्याला. थकला की चेन-चेन करतो तो. राहू दे. त्याला बरं वाटलं की स्वतः येऊन सांगेल, मग उघडू दोघं मिळून. तोवर सिटी बस आहे ना."

जिजाजी, या एका गोष्टीचा मला तुमच्यावर राग आहे. तुम्ही मला समजून घेतलंत, माझी वाट पाहिलीत, स्वेटर हातात घेऊन बसचे धक्के खाल्लेत, आणि हे सगळं मला न सांगता. तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं, "सालेसाब, खोटं बोलतोस." मी भांडलो असतो, मग मान्य केलं असतं, मग कचोऱ्या आणल्या असत्या. एवढं सोपं होतं ते. तुम्ही मला माफ करून टाकलंत आणि माफी मागायची माझी वेळच घेऊन गेलात. दवाखान्यात तुम्ही गाडी कशी आहे म्हणून विचारलंत, ती मला दिलेली संधी होती का? मी रोज तो प्रश्न पुन्हा ऐकतो आणि रोज वेगळं उत्तर देतो. तुम्ही म्हणाल, एवढा विचार नको करू. पण तुम्ही असं म्हणाल हेसुद्धा मीच ठरवतोय. तुमच्या बाजूने बोलायला आता तुम्ही नाही, ही सगळ्यात मोठी अडचण आहे.

तर मग आम्ही गाडी उघडली. ताई म्हणाली, "सुतकात? लोक बसायला येतायत आणि तुम्ही अंगणात मिस्त्रीगिरी करणार?" मुक्ता म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?"  ताई आत गेली आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आली. "खाली अंथरा. फरशीवर तेल सांडलं तर मी नाही पुसणार, सांगून ठेवते."

मी नटाला पाना लावला तशी मुक्ताने माझा हात धरला. "आधी बोला. काय निघेल?"

"मॅग्नेटचा नट," मी म्हणालो. "तुझे बाबा म्हणाले होते तेच."

"मी म्हणते चेन."

"तुला चेन वाटतेय?"

"नाही. पण तुमच्या बाजूने कुणीतरी बोलायला पाहिजे ना."

झाकण चिकटून बसलं होतं. तुम्ही तळहाताने थोपटून सैल करायचा, तसं मी केलं. तेलाचा तो वास आला, आणि मला थोडा वेळ थांबावं लागलं. मुक्ताने खालचा ट्रे नीट सरकवला.

तुम्हाला ऐकायची उत्सुकता असेल. मॅग्नेटचा नट घट्ट होता. मी सगळा जोर लावून पाहिला, जरासुद्धा हलला नाही. चेनही ठीक होती, मी आग्रहाने ताणायला लावली म्हणून थोडी जास्तच ताठ, पण ठीक. आवाज दोघांच्या मधून येत होता. मॅग्नेटभोवती जी कॉइल असते, तिला धरून ठेवणाऱ्या नटांपैकी एक सैल झाला होता, कॉइल किंचित कलली होती आणि मॅग्नेटच्या एका कडेला घासून तिथे नव्या वाटीसारखी चकाकी आली होती. म्हणजे तुम्हीही चुकलात आणि मीही. मी मुक्ताला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "बाबा थोडी मानले असते? ते म्हणाले असते, नट ढिला होता ना? नटच म्हणालो होतो मी."

आणि मग मी तुमच्या विरुद्ध भांडायला लागलो. मॅग्नेटचा नट वेगळा, कॉइलचा वेगळा, असं कसं चालेल. मुक्ता तुमच्या बाजूने. आमचे आवाज चढले. बसायला आलेले कुणी दारातूनच आत डोकावून गेले. ताई खिडकीत उभी होती आणि रडत होती, पण आम्हाला थांबवलं नाही तिने.

रस्त्यात तो कॉइलचा नट पूर्ण सुटला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित फक्त दिवे गेले असते. कदाचित नाही. तुम्ही असता तर नेमकं सांगितलं असतं.

नट कसला, कॉइल सरळ केली, चेन हलकी सोडली, झाकण बसवलं, तेल भरलं. मुक्ताने किक मारली. ती रेस देत होती आणि मी पेचकस कानामागे धरून बसलो. ऊन कलत आलं होतं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. तिला जायचं होतं, जिजाजी. तिने तुमचं जॅकेटही बाहेर काढून ठेवलं होतं. तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की तिला माझ्याकडून काय ऐकायचं आहे.

"काय म्हणते?" तिने विचारलं.

खर्र गेलं होतं. पण त्या मोठ्या आवाजाच्या आड मागच्या बाजूला, क्लचजवळ, दुसरा एक ठोका होता. हलका, न चुकता येणारा. तो आधीपासून होता की आमच्याच हातून काही राहिलं, कळायला मार्ग नव्हता.

"अजून आहे," मी म्हणालो. "वेगळा आहे. मागे."

"घाटातून नेण्याइतकी ठीक आहे का?"

"माहीत नाही मला. आणि माहीत नाही, म्हणून नाही."

तिने गाडी बंद केली. हात पुसले, जॅकेट उचललं आणि आत गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही.

काल आम्ही सगळे कारने गेलो. ती पुढे ड्रायव्हरशेजारी, अस्थींचा कलश मांडीवर. घाटात तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी ताईशेजारी बसून उताराची वळणं बघत होतो. मी खरं बोललो होतो आणि त्याने कुणालाच बरं वाटलं नव्हतं, मलाही नाही. खोटं बोलून घरी निघालो होतो त्या दिवशी मला जितकं हलकं वाटलं होतं, तितकं काल वाटलं नाही.

नर्मदेत पाणी बऱ्यापैकी खाली गेलं होतं. गुरुजींनी काठावर मांडलं, मुक्ताने सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं आणि कलश घेऊन गुडघाभर पाण्यात गेली. मी तिच्या मागे, दोन हात अंतरावर. तुम्ही पाण्यात गेलात तेव्हा ती रडली नाही. रिकामा कलश पाण्यात बुडवून धुतला आणि तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"मामा," ती म्हणाली. "तो मागचा ठोका. कसा होता?"

गुरुजी काठावर ताम्हन आवरत होते. ताई पायरीवर बसली होती. मी घसा साफ केला आणि तोंडाने तो आवाज काढून दाखवला. कट्, थांबून कट्, मग लागोपाठ दोन. गुरुजींनी मान वर करून पाहिलं.

"परत काढा."

मी परत काढला. जेवढा होता तेवढाच.

"आणि क्लच दाबल्यावर?"

मी आठवून पाहिलं. मी पेचकस धरून बसलो होतो, ती रेस देत होती, आणि क्लच दाबायला आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यात पहिली, सगळ्यात सोपी परीक्षा.

"दाबून बघायचं राहिलं," मी म्हणालो. "मी विसरलो."

ती वळली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, नुसतीच. मग तिने कलश काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने माझा दंड पकडला, कारण खालचे दगड शेवाळाने निसरडे झाले होते, आणि आम्ही एकेक पाऊल चाचपत काठाकडे निघालो.